चौकट

आमच्या गावच्या घरात माजघरातून स्वयंपाकघरात जाताना चौकट लागते. 'लागते' हे दोन्ही अर्थांनी. या घरात आलेल्या प्रत्येक जावयाला ती एकदा तरी लागलेली आहे. आजी चुलीपुढून मान वर न करता नुसतं "वाका" म्हणायची. ज्याने ऐकलं तो वाचला, बाकीच्यांच्या टेंगळावर दाबायला पितळेची थंडगार वाटी तयार असे. मला मात्र कधी कुणी "वाक" म्हटलं नाही. माझी उंची पाच फूट चार इंच. टाचा वर केल्या तरी ती चौकट मला लागत नाही.

त्यामुळे विल्ट चेंबरलेन या अमेरिकन बास्केटबॉलपटूचं टोपणनाव कशावरून पडलं हे वाचलं तेव्हा मला पहिल्यांदा आमचं स्वयंपाकघर आठवलं. वर्तमानपत्रवाले त्याला 'विल्ट द स्टिल्ट' म्हणायचे. स्टिल्ट म्हणजे पायांना बांधून उंच चालायच्या काठ्या. हे नाव त्याला अजिबात आवडायचं नाही. त्याला आवडायचं 'डिपर', आणि ते पडलं होतं दारातून जाताना डोकं खाली घालायच्या सवयीवरून. सात फूट एक इंच उंचीच्या माणसाला आयुष्यभर घराघरांतल्या चौकटींनी "वाक" म्हटलं आणि तेच त्याचं लाडकं नाव झालं.

हा विल्ट कॉलेजात असताना जिथे खेळला, ते अ‍ॅलन फील्डहाउस नावाचं बास्केटबॉलचं सभागृह मी गेल्या उन्हाळ्यात पाहून आलो. पुतण्या अमेरिकेत, लॉरेन्स गावी, कॅन्सस विद्यापीठात एमएस करतोय. विद्यापीठ एका टेकडीवर आहे. टेकडी म्हणायची, आपल्याकडे तिला चढ म्हणतील. गावभर एका पक्ष्याची चित्रं. विद्यापीठाच्या संघांची ती खूण. जेहॉक त्याचं नाव, असा पक्षी जगात कुठेच नाही, पण त्याच्या पायात पिवळे बूट आहेत. पुतण्याला बास्केटबॉलमध्ये काडीचा रस नाही, तरी त्याच्याकडे पक्ष्याचे तीन टी-शर्ट होते. "काका, इथे घालावेच लागतात," म्हणाला.

पंधरा हजारांवर माणसं बसतील असं ते सभागृह सुट्टीत रिकामं होतं. आपण शाळेच्या सुट्टीत चुकून वर्गात गेलो तर जसं वाटतं तसं वाटलं. वरच्या खिडक्यांतून आलेलं ऊन लाकडी मैदानावर पडलं होतं आणि पार उंचावर, छताखाली, जुन्या खेळाडूंच्या नावांच्या आणि आकड्यांच्या जर्सीच्या पताका ओळीने टांगलेल्या होत्या. मान दुखेपर्यंत वर पाहावं लागतं. बुटक्यांना ही सवय असते.

खाली मैदानाला नाव आहे जेम्स नेस्मिथचं. म्हणजे ज्याने हा खेळच काढला तो. १८९१ च्या डिसेंबरात, मॅसॅच्युसेट्समधल्या स्प्रिंगफील्डला, थंडीत कोंडलेल्या पोरांना काहीतरी खेळ द्यायचा म्हणून त्याने शिपायाकडे दोन खोकी मागितली. खोकी नव्हती, पीचच्या टोपल्या होत्या. त्या सज्जाच्या कठड्याला ठोकल्या. कठडा जमिनीपासून दहा फुटांवर होता, म्हणून टोपली दहा फुटांवर. बस्स, एवढंच कारण. कठडा नऊ फुटांवर असता तर माझंही आयुष्य थोडं वेगळं गेलं असतं. टोपल्यांना बूड होतं, त्यामुळे दर गोलनंतर कुणीतरी वर चढून चेंडू काढायचा. हा नेस्मिथ १८९८ साली लॉरेन्सला आला आणि कॅन्ससच्या संघाचा पहिला प्रशिक्षक झाला. ५५ सामने जिंकला, ६० हरला. तिथल्या सगळ्या प्रशिक्षकांत जिंकण्यापेक्षा हरणं जास्त असलेला तो एकटाच, खेळाचा जनक. त्याने टंकलेल्या १३ नियमांची दोन पानं शेजारच्या इमारतीत काचेमागे ठेवली आहेत. २०१० च्या लिलावात ती ४३ लाख डॉलरला गेली. मी काचेला नाक लावून पाहिलं. उंचीबद्दल त्यात काही सापडलं नाही.

दहा फुटांचं माझं जुनं प्रकरण आहे. आमच्या कॉलेजचं बास्केटबॉलचं मैदान मातीचं होतं. पाऊस सरला की दरवर्षी त्यावर मुरमाच्या ट्रॉल्या पडायच्या, रोलर फिरायचा आणि मैदान दोन बोटं वर यायचं. खांब मात्र जिथल्या तिथे. असं किती वर्षं चाललं होतं देव जाणे. मी तिसऱ्या वर्षाला असताना उडी मारून रिंगच्या जाळीला बोट लावलं. एकदा नाही, चारदा. मी संघात होतो तो शिट्टी आणि पाण्याचा जग सांभाळायला, पण त्या आठवड्यात सरांनी मला सरावात घेतलं. मग नवे प्राचार्य आले, त्यांनी काँक्रीट करून घेतलं आणि ठेकेदाराच्या माणसाने टेप लावून रिंग मोजून बसवली. दुसऱ्या दिवशी आख्खा संघ वीतभर बुटका झाला. मी परत जगाकडे.

म्हणून त्या सभागृहाला ज्याचं नाव आहे त्या अ‍ॅलनसाहेबांची एक गोष्ट मला फार जवळची वाटते. फॉग अ‍ॅलन. फॉग हे त्याच्या फॉगहॉर्नसारख्या, म्हणजे जहाजाच्या भोंग्यासारख्या, आवाजावरून पडलेलं. तिथे मोठा फलक आहे, 'फॉगपासून सावध' अशा अर्थाचा, पाहुण्या संघांसाठी. तो तरुणपणी नेस्मिथच्याच हाताखाली खेळला. प्रशिक्षक व्हायचंय म्हणाला तर नेस्मिथने सांगितलं म्हणे, की अरे, हा खेळ शिकवायचा नसतो, नुसता खेळायचा असतो. शिष्याने ऐकलं नाही आणि पुढे चार दशकं शिकवत राहिला. या अ‍ॅलनचा एक हेका होता: रिंग दहा फुटांवरून बारा फुटांवर न्या. उंच पोरं हा खेळ सोपा करून टाकताहेत. आणि हाच माणूस वयाच्या सत्तरीला टेकलेला असताना फिलाडेल्फियाला विल्ट चेंबरलेनच्या आईला भेटून, गोड बोलून, देशातला सगळ्यात चर्चेतला उंच मुलगा कॅन्ससला घेऊन आला. तत्त्व बारा फुटांवर आणि मोह सात फूट एक इंचाचा. गंमत पुढेच आहे. पहिल्या वर्षाच्या मुलांना तेव्हा मुख्य संघात खेळायची मुभा नव्हती आणि विद्यापीठात सत्तरीला निवृत्ती सक्तीची. १९५६ साली अ‍ॅलन घरी गेला आणि त्याच वर्षी डिसेंबरात विल्ट पहिला सामना खेळला. ५२ गुण, ३१ रिबाउंड, म्हणजे नेम चुकून उसळलेले ३१ चेंडू पकडले.

रिंग हलली नाही, पण नियम हलले. फ्री थ्रोच्या, म्हणजे दंड म्हणून मिळालेल्या मोकळ्या फेकीच्या, रेषेमागून धावत येऊन, उडी मारून, चेंडू थेट रिंगमध्ये टाकता येतो असं या पोराबद्दल बोललं जायला लागल्यावर ती रेषा ओलांडायला बंदी आली. फळ्यावरून चेंडू आत फेकून त्याच्या हातात देणंही बंद झालं. घराची चौकट माणसाला वाकवते, इथे खेळाची चौकटच बदलून बसवली. आपल्या घरी एवढा मान जावयालासुद्धा मिळत नाही.

पण सगळीच दारं बदलली नव्हती. लॉरेन्सच्या आसपास तेव्हा काळ्या माणसाला बसवून खायला घालायचं नाही अशी बरीच हॉटेलं होती. विल्ट सरळ आत जाऊन बसायचा आणि वाढेपर्यंत उठायचा नाही, असं तो पुढे स्वतः सांगायचा. त्याला नाही म्हणायची कुणाची टाप नव्हती. संघ जिंकायला हवा होता ना! मी त्या गावातल्या जुन्या रस्त्यावरून चालताना उगाचच दारांच्या उंच्या पाहत होतो.

आणि मग २३ मार्च १९५७. कॅन्सस सिटीत देशातल्या कॉलेजांच्या स्पर्धेचा अंतिम सामना, समोर नॉर्थ कॅरोलिना, एकही सामना न हरलेले. सुरुवातीच्या उडीला त्यांच्या प्रशिक्षकाने विल्टसमोर कुणाला उभं करावं? टॉमी कर्न्स, पाच फूट अकरा इंच. संघातल्या बुटक्यांपैकी एक. जिंकायची शक्यताच नव्हती, विल्टला खुळ्यात काढायचं होतं फक्त. मला तो क्षण फार आवडतो, आणि फार खुपतोही. कर्न्सच्या जागी मी स्वतःला पाहतो, पण वाईट विल्टचं वाटतं. आख्खं सभागृह हसतंय आणि आपला गुन्हा काय, तर उंची. सामना तीन जादा डावांपर्यंत गेला. शेवटच्या सहा सेकंदांत त्यांच्या जो क्विगने दोन फ्री थ्रो टाकले, नॉर्थ कॅरोलिना ५४-५३ ने पुढे. विल्टकडे जाणारा शेवटचा पासही त्यानेच अडवला आणि सुटलेला चेंडू कर्न्सच्या हाती लागला. त्याने तो जमेल तितका उंच, छताकडे भिरकावला. तो खाली येईपर्यंत वेळ संपली. दिवसभर ज्याच्या उंचीची चर्चा, त्याच्याही डोक्यावरून चेंडू गेला, आणि तो फेकला बुटक्याने.

स्पर्धेतला सर्वोत्तम खेळाडू हा मान तरीही विल्टलाच मिळाला. पुढच्या वर्षानंतर त्याने कॉलेज सोडलं, आधी ग्लोबट्रॉटर्स या गावोगाव गमतीचे सामने करणाऱ्या संघाबरोबर फिरला, मग १९६२ साली एका सामन्यात १०० गुण केले. एवढं सगळं होऊनही तो लॉरेन्सपासून लांब लांब राहिला. आपण विद्यापीठाला हरवलं, लोक हुर्यो करतील असं त्याच्या मनात बसलं होतं. जानेवारी १९९८ मध्ये, त्याची १३ नंबरची जर्सी वर चढवायची होती तेव्हा तो आला. अंगात कॉलेजातलं जुनं जॅकेट. चाळीस वर्षं ते त्याने कुठल्या कपाटात ठेवलं असेल? आपण लग्नातला सूट दहा वर्षांत बोहारणीला देतो. लोकांनी उभं राहून टाळ्या वाजवल्या. सामन्यानंतर तो किती तरी वेळ बसून सह्या देत होता. पुढच्या वर्षी ऑक्टोबरात तो गेला.

बाकीच्या पताकांशी मी फार थांबलो नाही. डॅनी मॅनिंगच्या २५ पाशी थोडा थांबलो, कारण त्याचे वडील ट्रक चालवायचे. स्वतः जुने व्यावसायिक खेळाडू, त्यांना कॅन्ससने सहायक प्रशिक्षक म्हणून बोलावलं आणि मुलगा मागोमाग आला. यावर तेव्हा लोकांनी नाकं मुरडली होती. १९८८ साली, हंगामात ११ सामने हरलेल्या त्या संघाने अंतिम सामना जिंकला, मॅनिंगचे ३१ गुण. नाकं सरळ झाली. २००८ ला मारिओ चाल्मर्सने २.१ सेकंद उरले असताना तीन गुणांचा फटका मारून अंतिम सामना बरोबरीत आणला, त्याचेही वडील संघाच्या कचेरीतच होते. त्याच संघात ब्रँडन रश नावाचा पोरगा २५ नंबर घालून खेळत होता. इथे जर्सी टांगतात, आकडा नाही टांगत, तो पुढच्यांना वापरायला मोकळा. आजोबांचं नाव नातवाला ठेवावं तसा. आणि फ्रँक मेसन. २०१७ चा देशातला सर्वोत्तम कॉलेज खेळाडू. उंची पाच फूट अकरा इंच. पुतण्याने फोनवर शोधून सांगितलं तेव्हा मी त्याला परत एकदा वाचायला लावलं.

"काका, अजून सात इंच कमी आहात," तो म्हणाला. तो स्वतः सहा फूट एक.

दिवाळीला तो गावी आला होता. आजी जाऊन आता बरीच वर्षं झाली, चुलीच्या जागी शेगडी आहे, चौकट तीच. कानात ते इअरफोन घालून, फोनमध्ये बघत साहेब माजघरातून आले. मी पोहे परतत होतो. मान वर न करता म्हटलं, "वाक."

ऐकू आलं नाही त्याला. मी गॅस बारीक केला आणि वाटी शोधायला लागलो. पितळेची कुठे मिळते आता, स्टीलची घेतली.