पंचवीस सेंटची बाटली

जर्मनीत मानहाइमला येऊन मला सहा वर्षं झाली. शनिवारी सकाळी इथल्या सुपरमार्केटात शिरलं की सगळ्यात आधी दिसते ती रिकाम्या बाटल्यांची रांग. कुणाच्या हातात पोतं, कुणाच्या बाबागाडीच्या खालच्या कप्प्यात पिशवी. भिंतीतल्या गोल भोकात एकेक बाटली सरकवायची. यंत्र ती गरागरा फिरवून तिच्यावरची खूण वाचतं, आत कडकड चिरडतं आणि शेवटी एक चिठ्ठी बाहेर काढतं. तेवढे पैसे बिलातून वजा होतात. याला इथे 'फांड' म्हणतात, म्हणजे अनामत. एकदाच वापरायच्या बाटलीवर ती २५ सेंट असते, आपले वीस-पंचवीस रुपये. स्वस्तातल्या दुकानात आतल्या पाण्यापेक्षा बाटलीचीच अनामत जास्त पडते.

ही पद्धत १ जानेवारी २००३ पासून सुरू झाली. त्याआधी १९९१ च्या नियमानुसार पेयांच्या बाटल्यांपैकी ७२ टक्के तरी धुऊन पुन्हा भरायच्या असायला हव्या होत्या. ते प्रमाण घसरलं, म्हणून फेकायच्या बाटलीवर अनामत आली. उद्योगवाले कोर्टात गेले, खूप आरडाओरडा झाला. आज शंभरातल्या पंच्याण्णवाहून अधिक बाटल्या परत येतात. पण ज्यासाठी एवढं केलं ते साधलं नाही. पुन्हा भरायच्या बाटल्यांचा वाटा पुढे निम्म्याच्याही खाली गेला. कारण सरळ आहे. लिटरची काचेची बाटली अर्ध्या किलोच्या आसपास भरते, प्लॅस्टिकची तीसेक ग्रॅम. काचेची परत न्यायची, धुवायची, पुन्हा आणायची. प्लॅस्टिकची दाबून गठ्ठे बांधले की काम झालं. त्या हलकेपणापुढे काच टिकली नाही.

या हलकेपणाला मी वाईट म्हणू शकत नाही. माझं आजोळ माण तालुक्यातलं, सातारा जिल्ह्याचा दुष्काळी भाग. आजी दोन-दोन मैलांवरून पाणी आणायची. पितळेची घागर रिकामीच अडीच-तीन किलोची, वर पाण्याचं वजन. लग्नात आलेल्या त्या घागरीचं तिला कौतुक होतं, पण मान आणि कंबर त्याच घागरीनं गेली. गावात प्लॅस्टिकच्या घागरी आल्या तेव्हा मामीनं पहिल्याच आठवड्यात घेतली. तेवढ्याच खेपेत पाणी जास्त आणि मानेवर भार कमी. पुढे त्याच भागात ठिबकच्या काळ्या नळ्या आल्या आणि डाळिंबं उभी राहिली. प्लॅस्टिक नको म्हणणाऱ्या माणसानं आधी माझ्या आजीची मान बघायला हवी होती, असं मला आजही वाटतं.

आमच्या घरापासून ऱ्हाइनच्या काठापर्यंत चालत गेलं की पलीकडे लुडविग्सहाफेनमधला बीएएसएफ या रसायन कंपनीचा कारखाना दिसतो. दहा चौरस किलोमीटरचं हे चिमण्या आणि पाइपांचं वेगळं शहरच आहे. तिथल्या क्रॅकर नावाच्या यंत्रणेत नाफ्था, म्हणजे खनिज तेलातून निघणारा द्रव, तापवून फोडतात आणि त्यातून निघालेल्या इथिलीन-प्रॉपिलीन या वायूंपासून पुढे प्लॅस्टिकच्या कित्येक जाती बनतात. या गावांतल्या पिढ्यान्‌पिढ्या त्यावर जगल्या. शेजारच्या आजोबांनी तिथेच आयुष्य काढलं. त्या पगारात घर झालं, मुलं शिकली, हे ते अभिमानानं सांगतात. मला त्यात काही खोटं दिसत नाही.

पण तीच ऱ्हाइन खाली वाहत जाते. स्वित्झर्लंडमधल्या बाझेल विद्यापीठाच्या संशोधकांनी बाझेलपासून नेदरलँड्समधल्या रॉटरडॅमपर्यंत ११ ठिकाणी पृष्ठभागावरचं पाणी गाळलं आणि २०१५ मध्ये त्याचा अभ्यास प्रसिद्ध केला. नदीच्या दर चौरस किलोमीटरला सरासरी ८ लाख ९० हजारांवर प्लॅस्टिकचे सूक्ष्म कण सापडले, त्यात बारीक गोल मणी पुष्कळ. या मण्यांवर अनामत नाही. काकडीवरच्या वेष्टनावर नाही, दह्याच्या डब्यावर नाही. ते सगळं वेगळ्या डब्यात टाकून माणसं समाधानानं घरी येतात. जर्मनीतल्या प्लॅस्टिक कचऱ्यापैकी निम्म्याहून अधिक जाळलाच जातो, वीज आणि उष्णतेसाठी. पूर्वी बराच कचरा जहाजानं चीनला जायचा. २०१८ मध्ये चीननं दार लावलं, मग तो मलेशिया आणि तुर्कस्तानकडे वळला. आपली गल्ली स्वच्छ राहावी म्हणून कुणाच्या तरी परसात ढीग लागला.

स्टेशनबाहेर एक बाई मला नेहमी दिसतात. सत्तरीच्या असतील, हिरवा कोट, हातात टॉर्च. कचऱ्याच्या डब्यात टॉर्च मारून त्या बाटल्या शोधतात. पेन्शन पुरत नाही म्हणून असं करणारे म्हातारे इथे पुष्कळ आहेत. त्यांना डब्यात हात घालावा लागू नये म्हणून बरेच लोक बाटली डब्याशेजारी उभी करून ठेवतात. मीही ठेवते. पण श्रीमंत देशात म्हातारपणाचा आधार २५ सेंटची बाटली व्हावी, हे मला सहा वर्षांनंतरही सोसत नाही.

आपल्याकडे अनामतीसारखं काही करायचं ठरलं नव्हतं असं नाही. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, गटारं पिशव्यांनी तुंबली, आणि पातळ पिशव्यांवर बंदी आली. २०१८ च्या प्लॅस्टिकबंदीत तर दुधाच्या पिशवीवर ५० पैसे छापून ते परत द्यायचे, असं ठरलं होतं. पिशव्यांवर धाडी पडल्या, दंड झाले. ते ५० पैसे मात्र आईच्या हातात कधी आले नाहीत.

गेल्या दिवाळीत पुण्याला गेले तेव्हा बॅगेत इथलीच एक रिकामी बाटली राहिली होती. आईनं नेहमीप्रमाणे दुधाच्या पिशव्या धुऊन, ओट्यामागच्या फरशीला चिकटवून वाळवल्या होत्या. कचरा न्यायला मावशी आल्या. कचरावेचकांच्या 'स्वच्छ' या सहकारी संस्थेच्या सभासद, पंधरा वर्षं आमच्याच गल्लीत. पिशव्यांच्या गठ्ठ्याबरोबर मी ती बाटलीही दिली आणि सांगितलं, मावशी, तिकडे हिचे पंचवीस रुपये मिळतात.

त्यांनी बाटली हातात घेऊन झाकण काढलं, वेगळ्या पिशवीत टाकलं, बाटली पायाखाली दाबली.

"एकीचे पंचवीस?" त्यांनी विचारलं. "मला किलोवर मिळतात गं, आणि किलोत अशा तीस-चाळीस तरी बसतात."