धरणातल्या होडीला कोणता पंखा लावावा?

नाशिक जिल्ह्यात धरणांची वाण नाही. गंगापूर, दारणा, मुकणे, गिरणा अशा मोठ्या जलाशयांपासून गावोगावच्या लहान तलावांपर्यंत कटला, रोहू आणि मृगळ धरणारी माणसे आहेत, आणि अलीकडे वल्ह्यांच्या होड्यांबरोबर फायबरच्या होडीला मागे आउटबोर्ड इंजिन लावलेलेही दिसते. असे इंजिन घेताना किती अश्वशक्तीचे घ्यावे, टू-स्ट्रोक की फोर-स्ट्रोक, यावर भरपूर खल होतो. पंखा, म्हणजे प्रोपेलर, मात्र खोक्यातून जो येतो तोच पुढे वर्षानुवर्षे चालतो. इंजिनाची सगळी ताकद ज्या एका भागातून पाण्यात उतरते, त्याच भागाकडे सर्वांत कमी लक्ष दिले जाते, याचे मला मनापासून वाईट वाटते. सातपूरच्या औद्योगिक वसाहतीत यंत्रांच्या सहवासात वाढलेला माणूस म्हणून माझे मत ठाम आहे: पंखा माहितीपत्रकावरून किंवा मुंबईच्या ओळखीच्या मेकॅनिकच्या सांगण्यावरून ठरवू नये, तो आपल्याच पाण्यावर, रोजचा पूर्ण भार होडीत घालून, टॅकोमीटरवर, म्हणजे इंजिनाचे मिनिटाला होणारे फेरे मोजणाऱ्या उपकरणावर, दिसणाऱ्या आकड्यावरून ठरवावा.

पंख्याच्या मधल्या भागावर किंवा पात्याच्या मुळाशी दोन आकडे कोरलेले असतात. पहिला व्यासाचा आणि दुसरा पिचचा, दोन्ही इंचांत. पिच म्हणजे पंख्याने एक पूर्ण फेरा घेतल्यावर, पाणी जराही न निसटता, होडी जितकी पुढे सरकेल ते अंतर. व्यासात आपल्याला फारसा वाव नसतो, कारण पंख्याच्या वरची आडवी पट्टी आणि गिअरकेसचा, म्हणजे पंख्यामागच्या गिअरच्या पेटीचा, आकार त्याला मर्यादा घालतात. निवड करायची असते ती मुख्यतः पिचची, आणि तीच बहुतेक ठिकाणी चुकते.

पिच जास्त असेल तर प्रत्येक फेऱ्यात इंजिनाला जास्त पाणी ढकलावे लागते. भरलेला ट्रक टॉप गिअरमध्येच ठेवून कसारा घाट चढवू पाहिला तर इंजिनाचे जे होईल, तेच येथे होते. थ्रॉटल, म्हणजे इंजिनाचा वेग वाढवणारी मूठ, पूर्ण उघडलेले असते, पण फेरे वाढत नाहीत. सिलिंडरमधला दाब आणि उष्णता वाढते, पिस्टनवर काजळी साचते, पेट्रोल जास्त लागते आणि तरीही होडी पुढचे तोंड वर करून पाणी कापत राहते. दारणेच्या काठावर एका वयस्कर मच्छीमार काकांनी मला सांगितले होते, “भाऊ, मशीन नवंय, पण दम धरत नाही.” त्या इंजिनात काहीही बिघडलेले नव्हते, पंख्याचे पिच त्या होडीच्या ओझ्याला झेपणारे नव्हते, एवढेच. याउलट पिच फार कमी असेल तर इंजिन मोकळे सुटते, फेरे कंपनीने ठरवलेल्या कमाल मर्यादेच्या वर जातात आणि वेग मात्र वाढत नाही. दोन्ही गोष्टी वाईटच आहेत. तरीही ओझे वाहणाऱ्या होडीसाठी पहिली अधिक घातक आहे, कारण तिच्यात आवाज वाढत नाही आणि त्यामुळे नुकसान लवकर लक्षात येत नाही.

नाशिकच्या बाबतीत एक गोष्ट वेगळी आहे आणि ती किनाऱ्यावरचा सल्लागार सहसा विचारात घेत नाही. समुद्र शून्य पातळीवर असतो. आपले गंगापूर, दारणा यांसारखे जलाशय समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटर उंचीच्या आसपास आहेत; गिरणा धरण मात्र बरेच खाली आहे. हवा विरळ झाली की सिलिंडरमध्ये प्राणवायू कमी जातो, आणि टर्बो नसलेल्या इंजिनाची ताकद दर ३०० मीटरला साधारण ३ टक्क्यांनी घटते. म्हणजे ६०० मीटरवर सुमारे ६ टक्के ताकद उंचीमुळेच जाते आणि १५ अश्वशक्तीचे इंजिन येथे १४ अश्वशक्तीच्या जवळपासच काम करते. मे महिन्यातल्या दुपारच्या तापलेल्या हवेत ही घट आणखी वाढते. फ्युएल इंजेक्शन असलेले इंजिन हवेच्या प्रमाणात पेट्रोल बेतून घेते, त्यामुळे त्याचा धूर वाढत नाही. पण गेलेली ताकद तेही परत आणू शकत नाही. ससून डॉकवर एखाद्या होडीला उत्तम चालणारा पंखा त्याच इंजिनावर गंगापूरला जड का पडतो, याचे हे पहिले कारण आहे. दुसरे कारण ओझ्याचे आहे. पिंजऱ्यातल्या मत्स्यपालनासाठी खाद्याच्या गोण्या नेणारी, किंवा पहाटे ओली जाळी आणि बर्फाची पेटी घेऊन परतणारी होडी ही सहलीच्या होडीसारखी पाण्यावर उचलली जात नाही. ती पाण्यात बसून चालते, आणि तिला वेगापेक्षा रेटा हवा असतो.

आता प्रत्यक्ष चाचणीबद्दल थोडे सविस्तर लिहितो, कारण सगळा निर्णय तिच्यावर अवलंबून आहे. लहान इंजिनांना टॅकोमीटर लावलेला नसतो. स्पार्क प्लगच्या वायरला आपली वायर गुंडाळून फेरे मोजणारा छोटा डिजिटल टॅकोमीटर बाजारात स्वस्त मिळतो आणि तो पुरेसा आहे. मात्र त्यात एका फेऱ्यामागे किती ठिणग्या पडतात याचे सेटिंग असते. ते आपल्या इंजिनाप्रमाणे तपासून घ्यावे, नाहीतर आकडा दुप्पट किंवा निम्मा दिसतो आणि पुढचा सगळा हिशेब वाया जातो. इंजिन आधी नीट गरम होऊ द्यावे. होडीत रोज जितकी माणसे, जाळी, पेट्रोल आणि माल असतो तितके वजन, आणि ते रोजच्याच जागी, ठेवावे. लाइफ जॅकेट घालावे, इंजिन बंद करणारी दोरी मनगटाला अडकवावी, आणि मोकळ्या, खोल पाण्यात थ्रॉटल पूर्ण उघडून आकडा स्थिर होईपर्यंत सरळ रेषेत चालावे. नंतर उलट दिशेने तेच करावे, म्हणजे वाऱ्याचा परिणाम निघून जातो.

मिळालेला आकडा इंजिनाच्या पुस्तिकेतल्या पूर्ण थ्रॉटलच्या मर्यादेशी ताडून पाहावा. बऱ्याच लहान फोर-स्ट्रोक इंजिनांसाठी ही मर्यादा मिनिटाला ५००० ते ६००० फेरे अशी असते, पण आपल्या पुस्तिकेतला आकडाच खरा मानावा. ओझ्याच्या होडीत पूर्ण भारासह इंजिन या पट्ट्याच्या मध्यावर किंवा त्याच्या थोडे वर पोचावे, असे मी धरतो. पिच १ इंचाने कमी केले की फेरे साधारण १५० ते २०० ने वाढतात. समजा, ११ इंच पिचच्या पंख्यावर भरलेली होडी ४९०० फेऱ्यांवर अडकली आहे. ९ इंचाचा पंखा लावल्यावर ती ५२०० ते ५३०० पर्यंत जाईल. हे मध्याच्या किंचित खाली आहे, आणि आणखी १ इंच उतरायचे की नाही हे रिकाम्या होडीची चाचणी पाहून ठरवावे. रिकामी होडी ६००० च्या आतच थांबली पाहिजे.

फेऱ्यांबरोबर मोबाइलवरील जीपीएसने वेगही टिपून ठेवावा, कारण त्यावरून पाणी किती निसटते आहे हे कळते. गिअरचे गुणोत्तर २.०८ असेल, तर इंजिनाच्या ५२०० फेऱ्यांना पंखा २५०० फेरे घेतो. पिच ९ इंच असेल तर मिनिटाला २२,५०० इंच, म्हणजे सुमारे ५७१ मीटर, आणि तासाला साधारण ३४ किलोमीटर एवढा हिशेबी वेग निघतो. जीपीएसने २३ दाखवले, तर जवळजवळ एक तृतीयांश अंतर निसटले. हलक्या, पाण्यावर उचलल्या जाणाऱ्या होडीत १० ते २० टक्के निसटणे सामान्य समजतात. जड होडीत ३० टक्के निघाले म्हणून घाबरू नये. पण तेच प्रमाण ५० च्या पुढे गेले तर पिच बदलण्याआधी पंख्याची वाकलेली पाती, पंख्याच्या मधल्या भागात बसवलेला पण सरकलेला रबरी बुश आणि इंजिनाची उंची तपासावी.

ही उंची अनेकांकडून दुर्लक्षित राहते. पंख्याच्या वरची जी आडवी पट्टी असते, ती होडीच्या तळाच्या पातळीत किंवा तिच्याखाली सुमारे इंचभर असावी. इंजिन त्याहून वर बसले तर वळताना पंखा पृष्ठभागावरची हवा ओढतो, इंजिन एकदम ओरडते आणि रेटा नाहीसा होतो. आखूड दांड्याचे इंजिन होडीच्या मागच्या, इंजिन अडकवायच्या १५ इंच उंचीच्या फळीसाठी आणि लांब दांड्याचे २० इंच उंचीच्या फळीसाठी असते. होडी बांधून घेतानाच हे मोजून घेतले तर पुढचा त्रास टळतो.

पात्यांची संख्या आणि धातू यांवर मी थोडक्यातच लिहितो. तीन पात्यांचा पंखा बहुतेक कामांना पुरतो. फार जड ओझे आणि कमी वेग असेल तर चार पात्यांचा पंखा पाणी अधिक घट्ट धरतो, पण इंजिनाचे फेरे थोडे उतरवतो, म्हणून त्याचे पिच १ इंच कमी घ्यावे. धातूच्या बाबतीत धरणासाठी मी ॲल्युमिनियमच सुचवेन. स्टेनलेस स्टील मजबूत आहे, पण त्याचे पाते बुडालेल्या खोडावर आपटले तर तो धक्का शाफ्ट आणि गिअरपर्यंत पोचण्याची भीती जास्त. ॲल्युमिनियमचे पाते स्वतः वाकते आणि महागाचा भाग वाचवते.

पंखा बदलण्याच्या निमित्ताने तो काढला जातो, आणि तेव्हा एक गोष्ट आवर्जून पाहावी. प्लगची वायर काढून, पाते आणि आडवी पट्टी यांच्यामध्ये लाकडाचा ठोकळा अडकवून, कॉटर पिन, म्हणजे नट सुटू नये म्हणून घातलेली दुमडलेली खीळ, सरळ करून नट सोडवला की पंखा स्प्लाइनवरून, म्हणजे शाफ्टवरच्या खाचांवरून, मागे सरकतो. त्याच्या पुढे, गिअरकेसमधले ऑइल आत अडवणाऱ्या रबरी कड्याच्या, म्हणजे ऑइल सीलच्या, ओठाशी, नायलॉनच्या जाळ्याचा धागा पुष्कळदा सापडतो. तो पारदर्शक असतो, काळपट ग्रीसमध्ये दिसतही नाही; नख फिरवले तरच बोटाला लागतो, आणि त्याचे वेटोळे कातलेल्या कड्यासारखे घट्ट झालेले असते. हाच धागा सील कापतो. मग गिअरकेसमध्ये पाणी शिरते, ऑइल दुधासारखे पांढरट होते आणि बेअरिंगे गंजतात. गंगापूरचे पाणी तर नाशिककरांच्या नळाला येते. त्यात ऑइल झिरपू देणे हा निव्वळ यंत्राच्या नुकसानीचा प्रश्न राहत नाही. धागा काढून, स्प्लाइनला पाण्यात टिकणारे ग्रीस लावून, पुढचे वॉशर त्याच्या मूळच्या बाजूनेच बसवावे आणि कॉटर पिन प्रत्येक वेळी नवी वापरावी.

उन्हाळ्यात धरण उतरले की बुडालेल्या विहिरींचे कठडे, खोडे आणि जुने बांध पाण्याच्या अगदी खाली येतात, आणि नदीच्या अंगाला पाणवेली पसरलेल्या असतात. या महिन्यांत पाती मोडणारच, म्हणून होडीत दुसरा पंखा, त्याचा नट, कॉटर पिन, पाना आणि ठोकळा असावा. हा राखीव पंखा मुख्य पंख्यापेक्षा १ इंच कमी पिचचा घ्यावा, म्हणजे गोण्यांचा भार जास्त असेल त्या दिवशीही तोच कामी येतो. मोडलेले पाते वेल्डिंग करून घेतले, तर ते बाकीच्या पात्यांशी वजनात आणि कोनात जुळते का हे पाहावे आणि टॅकोमीटरची चाचणी पुन्हा घ्यावी. दुरुस्तीत पात्याचा कोन थोडा जरी बदलला तरी पंख्यावर कोरलेला पिचचा आकडा त्यानंतर खरा राहत नाही.