दातांच्या दवाखान्याची भीती सुटी सुटी करून पाहिली तर

दातांच्या दवाखान्यात जायला घाबरणाऱ्या माणसाला घरचे-दारचे सगळे एकच वाक्य ऐकवतात : ‘त्यात घाबरण्यासारखे काय आहे? हल्ली काही दुखत नाही.’ हे म्हणणे बहुतांशी खरे असूनही त्याचा काडीचा उपयोग होत नाही, कारण समोरच्याच्या पोटात उठणारा गोळा दुखण्याच्याच भीतीचा आहे, असे बोलणाऱ्याने परस्पर ठरवून टाकलेले असते. माझी या भीतीशी लहानपणापासूनची ओळख आहे. एवढ्या वर्षांच्या सहवासानंतर माझे मत असे झाले आहे की, तिच्या पोटात तीन-चार निरनिराळ्या भीती दडलेल्या असतात आणि प्रत्येकीचा उपाय वेगळा असतो. आपल्याला त्यांतली कोणती छळते हे कळले, तर धीर एकवटण्याची फारशी गरज उरत नाही.

ही उकल करण्यासाठी दंतवैद्यकात एक साधी प्रश्नावली आहे. नॉर्मन कोराह यांनी १९६९ मध्ये चार प्रश्नांची मोजपट्टी तयार केली आणि १९९५ मध्ये जेरी हम्फ्रिस व त्यांच्या सहकाऱ्यांनी तिच्यात सुधारणा करून सुईविषयीचा पाचवा प्रश्न घातला. उद्या दातांच्या डॉक्टरांकडे जायचे आहे, बाहेर नंबराची वाट पाहत बसलो आहोत, दात कोरायला घेणार आहेत, दातांची सफाई होणार आहे, हिरडीत भुलेचे इंजेक्शन देणार आहेत, अशा पाच प्रसंगी किती धास्ती वाटते त्याला १ ते ५ गुण द्यायचे. बेरीज १९ किंवा त्याहून अधिक झाली, तर भीती तीव्र मानतात. मला मात्र बेरजेपेक्षा गुणांची विभागणी अधिक बोलकी वाटते. माझे सर्वांत जास्त गुण सुईला जातील अशी माझी खात्री होती. ते गेले बाहेरच्या बाकाला. ज्याची धास्ती वाट पाहण्यातच वाढते, त्याने सकाळची अगदी पहिली वेळ मागून घ्यावी. मग दिवसभर जीव टांगणीला लागत नाही आणि आतल्या मशीनचा आवाज ऐकत बसावे लागत नाही.

सुईची भीती बऱ्याच जणांना असते, आणि माहितीने सर्वांत जास्त उतरणारी भीतीही तीच. हिरडीत सुई देताना जे दुखते त्यात टोचण्याचा वाटा थोडा असतो. औषध आत शिरताना तिथल्या भागावर जो दाब पडतो, तो अधिक दुखवतो. टाळूला दिलेली सुई गालाच्या आतल्या बाजूच्या सुईपेक्षा जास्त झोंबते तीही याचमुळे, कारण टाळूचे आवरण हाडाला घट्ट चिकटलेले असते आणि औषधाला पसरायला जागा मिळत नाही. या इंजेक्शनच्या एका नळीत साधारण १.८ मिलिलिटर औषध असते आणि ते मिनिटाला सुमारे एक मिलिलिटर इतक्या संथपणे सोडावे, असे डॉक्टरांना शिकवलेले असते. हिरडी कोरडी करून तिच्यावर बधिर करणारी जेल लावली, एक-दोन मिनिटे थांबले आणि मग औषध सावकाश सोडले, तर सुई कधी आत गेली हेही पुष्कळदा कळत नाही. तेव्हा ‘डॉक्टर, जरा हळूहळू द्या’ असे सांगण्यात कसला कमीपणा? आपण त्यांना त्यांच्याच अभ्यासातली गोष्ट आठवून देत असतो, इतकेच.

त्यानंतरचा भाग मला कुणी आधी सांगितला असता, तर फार बरे झाले असते. भुलेसाठी बहुधा लिडोकेन वापरतात. हे औषध १९४३ मध्ये स्वीडनमध्ये तयार झाले आणि आजही त्यावाचून दवाखाना चालत नाही. त्यात बऱ्याचदा अ‍ॅड्रेनलिन (घाबरल्यावर शरीरात आपोआप स्रवते तेच द्रव्य) मिसळलेले असते, म्हणजे तिथल्या रक्तवाहिन्या आकसतात आणि भूल जास्त वेळ टिकते. या अ‍ॅड्रेनलिनचा थोडासा अंश रक्तात गेला की छाती धडधडते, हात किंचित थरथरतात. ज्याला हे ठाऊक नसते त्याला वाटते की आपण घाबरलो, आणि मग तो खरोखरच घाबरतो. ही धडधड काही मिनिटांत आपोआप ओसरते. (हृदयाचा त्रास असलेल्यांनी मात्र तो सुरुवातीलाच सांगायला हवा.)

भूल चढल्यावर काहीच जाणवणार नाही, ही अपेक्षाही घात करते. वेदना वाहून नेणारे बारीक चेतातंतू लवकर बधिर होतात. दाब आणि स्पर्श वाहणारे जाड तंतू तितके दाद देत नाहीत. त्यामुळे दाढ काढताना ओढ जाणवते, जबडा दाबला जातो आणि कडकड आवाज हाडातून थेट कानात पोहोचतो, तरीही ते दुखणे नसते. हा फरक आधी समजलेला नसेल, तर पहिल्या दाबालाच ‘भूल उतरली!’ असे वाटून दातखीळ बसते. दात कोरण्याच्या यंत्राचेही तसेच. १९५७ मध्ये हवेच्या दाबावर फिरणारी वेगवान यंत्रे बाजारात आली. ती मिनिटाला तीन-चार लाख फेरे घेतात आणि म्हणूनच अशी किंचाळतात. पण त्या वेगामुळेच काम लवकर उरकते आणि दाताला हादरे कमी बसतात. तोंडात सतत पडणारे पाणी दात तापू नये म्हणून असते.

दवाखाना टाळण्याने भीती वाढते, हे सगळेच सांगतात, पण त्यामागे एक निव्वळ रासायनिक कारणही आहे. सूज आलेल्या, पू धरलेल्या भागात आम्लता वाढलेली असते, आणि भुलेच्या औषधाचा जो अंश चेतातंतूच्या आवरणातून आत शिरू शकतो, तो आम्लतेमुळे कमी होतो. म्हणजे ठणका असह्य होईपर्यंत आज-उद्या करणाऱ्याला भूल नीट चढत नाही, दुसऱ्या ठिकाणी किंवा जास्तीचे इंजेक्शन द्यावे लागते, आणि त्याचा हा अनुभव ‘मला भूल लागतच नाही’ या ठाम समजुतीत बदलतो. समजूत खोटी नसते. वेळ चुकीची असते. त्याच दाताला फक्त कीड लागलेली असताना तो माणूस गेला असता, तर त्याचा अनुभव बहुधा वेगळा ठरला असता.

दुखण्याखालोखाल, आणि अनेकांच्या बाबतीत दुखण्याच्याही आधी, येते ती असहायता. खुर्ची मागे कललेली, तोंड उघडे, बोलता येत नाही, समोरच्याच्या हातात काय आहे ते दिसत नाही, अशा अवस्थेत शहाण्या माणसालाही पळून जावेसे वाटले, तर त्यात नवल नाही. यावरचा उपाय इतका साधा आहे की त्यावर विश्वासच बसत नाही : डावा हात वर केला की काम थांबवायचे, असा आधीच करार करायचा. माझ्या डॉक्टरांनी पहिल्याच भेटीत हा करार केला आणि यंत्र दातापर्यंत न्यायच्या आधी म्हणाल्या, ‘आत्ता उगाचच हात वर करून पाहा.’ मी केला. यंत्र थांबले, आरसा तोंडाबाहेर आला, त्यांनी मास्क खाली केला आणि ‘झाली खात्री?’ असे विचारले. त्या दिवशी नंतर हात वर करण्याची वेळच आली नाही. लहान मुलांसाठी आधी सांगा, मग दाखवा, मग करा, अशी एक पद्धत दंतवैद्य वापरतात. ती मोठ्यांनाही तितकीच लागू पडते. आपणहून मागितल्याशिवाय ती मिळेलच असे नाही, म्हणून मागावी.

रक्त किंवा सुई पाहून ज्यांना भोवळ येते त्यांची गोष्ट वेगळी आहे, आणि इथे नेहमीचा सल्ला उलटा पडतो. इतर भीतींत रक्तदाब वाढतो. यांचा आधी चढून मग एकदम उतरतो. ‘अंग सैल सोडा’ असे त्यांना सांगणे म्हणजे भोवळीला आवतण देणे. त्यांनी हातापायांचे आणि पोटाचे स्नायू दहा-पंधरा सेकंद आवळून धरावेत, चेहऱ्याला ऊब जाणवू लागली की थोडे सोडावेत आणि पुन्हा आवळावेत. स्वीडनमधील मानसशास्त्रज्ञ लार्स-गोरान ऑस्ट यांनी विकसित केलेली ही युक्ती याच त्रासासाठी आहे. ज्यांना नुसता आरसा जिभेला लागताच ओकारीची उबळ येते त्यांनी ते आधीच सांगावे आणि नाकाने संथ श्वास घेत राहावा.

उरली लाज. इतकी वर्षे आलो नाही, आता हे तोंड कोणत्या तोंडाने दाखवायचे, या विचाराने बसलेली माणसे मी पाहिली आहेत. डॉक्टरांनी याहून वाईट दात रोज पाहिलेले असतात, आणि त्यातूनही कुणी ऐकवलेच, तर डॉक्टर बदलावेत. अपमान सोसणे हा उपचाराचा भाग नाही.

एवढे करूनही खुर्चीवर बसणेच अशक्य असेल, तर नायट्रस ऑक्साइड हा वायू किंवा गुंगीचे औषध देऊन काम करता येते. गुंगी घेतली तर सोबत कुणीतरी हवे आणि त्या दिवशी गाडी चालवायची नाही. मात्र गुंगीत काम उरकते, भीती होती तिथेच राहते, कारण आपण शांतपणे तिथे बसलो होतो हे मेंदूला शिकायलाच मिळत नाही. म्हणून अडलेल्या कामापुरती गुंगीची मदत खुशाल घ्यावी, आणि काही दुखत नसताना पायरीपायरीने जागेपणी जाऊन यावे : एकदा नुसते बोलायला, एकदा आरशाने तपासणी करून घ्यायला, मग सफाईला. खुर्चीत मागे टेकण्याआधी हात वर करून खात्री करून घ्यायला हरकत नाही.