पॅकहाउसमधला एक दिवस

आज निफाडजवळच्या एका द्राक्षांच्या पॅकहाउसमध्ये, म्हणजे माल निवडून पेट्यांत भरतात तिथे, दिवसभर थांबलो. त्यांच्या नोंदी ठेवणारं आमचं सॉफ्टवेअर क्लाउडवर सुरळीत, त्याची स्थिती दाखवणारा डॅशबोर्ड हिरवागार. पण प्रीकूलिंगच्या, म्हणजे माल झटपट गार करायच्या, खोलीत नेटवर्कच पोचत नाही. तिथल्या ताई पेटीचं वजन स्केचपेनने पुठ्ठ्यावर लिहितात, संध्याकाळी दुसरं कुणीतरी ते टाइप करतं. युरोपला जाणाऱ्या मालाची नोंद थेट बागेपर्यंत जुळावी लागते, एक आकडा चुकला तरी माल अडकू शकतो. ऑफिसात बसून हे दिसलंच नसतं.

आता आधी नेटशिवाय चालणारं ॲप. आणि हंगाम जानेवारी ते एप्रिल, मग सर्व्हर बाराही महिने तेवढ्याच ताकदीचे कशाला? मेपासून कमी करायचे, मालकांशी बोलून ठरलं.

निघताना ताईंनी हातात एक घड ठेवला. गारेगार.