धातूची झडप आणि किडलेली दाढ: आईच्या वेळचा माझा अनुभव

आईच्या हृदयातली मायट्रल झडप कृत्रिम, धातूची. दाढ हलायला लागली तेव्हा मी पहिला फोन हृदयाच्या डॉक्टरांना केला, दातांच्या दवाखान्यात नंबर नंतर लावला. क्रम हाच ठेवावा. दाढ काढताना, अगदी कीटण काढतानाही, तोंडातले जंतू रक्तात उतरतात. एरवी शरीर त्यांचा लगेच निकाल लावतं. कृत्रिम झडपेवर ते चिकटले तर एंडोकार्डायटिस, म्हणजे हृदयाच्या आतल्या अस्तराला आणि झडपेला जंतुसंसर्ग होतो आणि तो जिवावर बेततो.

तो टाळण्यासाठी अमॉक्सिसिलिन हे पेनिसिलिन गटातलं अँटिबायोटिक २ ग्रॅम, म्हणजे ५०० मिलिग्रॅमच्या चार कॅप्सूल, एकदम, दाढ काढण्याआधी अर्धा ते एक तास. एवढा एकच डोस. एसटीचा भरवसा नाही, म्हणून कॅप्सूल घरून निघताना न देता गुहागरहून चिपळूणला पोचल्यावर, नंबर कधी लागेल ते विचारून दिल्या. पेनिसिलिनची अॅलर्जी असेल किंवा दर तीन आठवड्यांचं पेनिसिलिनचं इंजेक्शन चालू असेल, तर औषध वेगळं लागतं. नुसता स्टेंट असलेल्यांना या डोसची गरज नसते.

धातूच्या झडपेसाठी चालू असलेली रक्त पातळ करणारी गोळी बंद करायची नाही. शेजारीपाजारी हमखास सांगतात, ‘दोन दिवस थांबवा’. थांबवली तर झडपेवर गुठळी होऊ शकते. त्याऐवजी आदल्या दिवशी आयएनआर, म्हणजे रक्त किती पातळ आहे ते सांगणारी तपासणी केली, ३.५ च्या आत असेल तर दाढ काढू, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. रिपोर्ट संध्याकाळी मिळतो, म्हणून वेळ दुसऱ्या दिवशी सकाळची घेतली. रक्त थांबलं नाही तर दिवसाउजेडी परत जाता येतं.

दाढ काढल्यावर टाके घातले, वर गॉझची घडी अर्धा तास घट्ट चावून धरायला लावली. त्या दिवशी चूळ भरायची नाही, सारखं थुंकायचं नाही, चहा नाही. गार केलेली पेज आणि मऊभात. दुखलं तर पॅरासिटामॉल. आयबुप्रोफेन या वेदनाशामकाने रक्तस्राव वाढतो आणि मेट्रोनिडॅझोल या अँटिबायोटिकने आयएनआर चढतो, हे चिठ्ठी लिहून घेतानाच बोलून घ्यावं.

खरं काम घरी आहे. आमच्याकडच्या बायकांची मिश्री म्हणजे भाजलेला तंबाखूच, ती सुटायलाच हवी. हिरड्यांतून रक्त येतं म्हणून ब्रश सोडू नये. सुजलेल्या हिरड्यांतून रोज घास चावतानाही जंतू आत जातात. मऊ ब्रश, हिरडीकडे तिरका धरून, दोन वेळा दोन-दोन मिनिटं.

पुढच्या काही आठवड्यांत ताप आला तर झडपेची फाईल घेऊनच जावं. पावसाळ्यात इथे ताप म्हटला की लेप्टो किंवा मलेरिया धरून औषध सुरू होतं. आधी रक्ताचं कल्चर, म्हणजे रक्तात जंतू वाढतात का ते पाहणारी तपासणी, घ्यायला सांगा. अँटिबायोटिक पोटात गेल्यावर कल्चरमध्ये जंतू सापडणं अवघड होतं.