वीस टक्क्यांची रेघ

५ ऑक्टोबर २०२०, सोमवार. टाळेबंदीनंतर निम्म्या उपस्थितीवर चालणाऱ्या आमच्या कार्यालयात त्या सकाळी आम्ही पाचच माणसे होतो. पुण्यात आर्थिक धोरणांचा अभ्यास करणाऱ्या एका लहान विश्वस्त संस्थेत मी तेव्हा तेरा वर्षे लेखाधिकारी होते, आणि त्या तेरा वर्षांत वेतनपत्रक समोर ठेवून सहकाऱ्यांची दोन रकान्यांत विभागणी करण्याची वेळ माझ्यावर प्रथमच आली होती.

परकीय योगदान नियमन कायद्यातील, म्हणजे आमच्या रोजच्या बोलण्यातल्या एफसीआरएतील, दुरुस्त्या २९ सप्टेंबरपासून लागू झाल्या होत्या. त्यांतील तीन थेट आमच्या वह्यांवर येऊन आदळल्या. परदेशातून आलेला पैसा यापुढे दुसऱ्या कोणत्याही संस्थेकडे, ती याच कायद्याखाली नोंदणीकृत असली तरी, वर्ग करता येणार नव्हता. असा पैसा स्वीकारण्याचे खाते दिल्लीतील संसद मार्गावरच्या स्टेट बँकेच्या मुख्य शाखेतच उघडावे लागणार होते. आणि परकीय निधीतून प्रशासकीय खर्चासाठी वापरता येणारी रक्कम ५० टक्क्यांवरून २० टक्क्यांवर आली होती. खात्याचा प्रश्न कागदपत्रांचा होता आणि तो पुढे सुटलाही. उरलेल्या दोन तरतुदींनी मात्र तो दिवस व्यापला.

आमच्यासारख्या संस्थेचा पैसा कोठून येतो, हे आमच्या अहवालांच्या वाचकांनाही फारसे ठाऊक नसते. आम्ही काही विकत नाही. शासकीय प्रकल्पांचे अनुदान येते, पण ते ठरलेल्या विषयापुरते असते आणि अनेकदा काम संपल्यावर हाती पडते. कंपनी कायद्याच्या कलम १३५ प्रमाणे मोठ्या कंपन्या नफ्याचे दोन टक्के सामाजिक कामावर खर्च करतात, पण त्यांतील बहुतेकांना शाळेची खोली किंवा रुग्णवाहिका असे डोळ्यांना दिसणारे काम हवे असते. शेतमजुराच्या कर्जाची पाहणी त्यांच्या वार्षिक अहवालातील छायाचित्रात मावत नाही. म्हणून परदेशी प्रतिष्ठानांचा निधी आमच्या क्षेत्रात फार जुना आहे. दांडेकर आणि रथ यांनी १९७१ मध्ये मांडलेला भारतातील दारिद्र्याचा अभ्यास फोर्ड फाउंडेशनच्या साहाय्याने झाला होता, आणि त्यातील निष्कर्ष पुण्यातच, इथल्याच अभ्यासकांनी काढले होते.

चौथा प्रवाह सर्वांत बारीक, आणि माझ्या मते सर्वांत मोलाचा. संस्थेच्या आरंभीच्या देणगीदारांनी कोणत्याही कामाची अट न घालता दिलेला स्थायी निधी त्या वेळी एक कोटी नव्वद लाखांचा होता, आणि त्याच्या ठेवींवर वर्षाला सुमारे ११ लाख ४० हजार रुपये व्याज येत असे. पुण्याला अशा देणग्यांची परंपरा आहे. १९३० मध्ये गोखले अर्थशास्त्र संस्था उभी राहिली ती राव बहादूर काळे यांच्या देणगीवर, आणि त्यांच्याच नावाच्या व्याख्यानमालेत जानेवारी १९३९ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी संघराज्याच्या प्रश्नावर भाषण केले. आमचा निधी त्या मानाने अगदीच लहान. त्याच्या व्याजातून ग्रंथालयातील नियतकालिकांची वर्गणी, इमारतीची डागडुजी आणि दर मार्चमध्ये राज्याच्या अर्थसंकल्पावर मराठीत निघणारी आमची पुस्तिका एवढे भागत असे.

त्या वर्षी परकीय निधीची अपेक्षित जमा एक कोटी वीस लाख रुपये होती. माझ्या हिशेबाप्रमाणे तिच्यातील प्रशासकीय खर्च ३१ टक्के, म्हणजे ३७ लाख २० हजार भरत होता. नवी मर्यादा २४ लाखांची. मधले १३ लाख २० हजार कोठे बसवायचे, एवढाच प्रश्न वरवर पाहता होता.

नियमावलीतील पाचवा नियम मी दोन वर्षांनी पुन्हा नीट वाचला. व्यवस्थापनासाठी नेमलेल्यांचे पगार, वीज, दूरध्वनी, हिशेबनिसाचा खर्च, जागेचे भाडे आणि वाहने चालवण्याचा खर्च हे सारे प्रशासकीय. मात्र मुख्यतः संशोधन किंवा प्रशिक्षण करणाऱ्या संस्थांना त्याच नियमात एक सवलत आहे: प्रत्यक्ष क्षेत्रातील माहिती गोळा करणाऱ्या किंवा तिचे विश्लेषण करणाऱ्या माणसांचे वेतन प्रशासकीय धरले जात नाही. आतापर्यंत मर्यादा ५० टक्क्यांची असल्यामुळे या सवलतीची गरजच पडली नव्हती, आणि मी सारे पगार एकाच शीर्षकाखाली दाखवत आले होते. ती माझी चूक होती. सवलत वापरायची तर कोण माहिती गोळा करतो आणि कोण करत नाही, हे नावानिशी लिहावे लागणार होते.

मी पेन्सिलीने मधोमध रेघ मारली: डावीकडे सवलतीत बसणारे, उजवीकडे प्रशासकीय. पाहणी पर्यवेक्षक डावीकडे, माहिती संगणकावर भरणाऱ्या दोघी डावीकडे, याबद्दल दूरध्वनीवर बोलताना आमच्या सनदी लेखापालांनाही शंका नव्हती. या तिघांचे वेतन सहा लाख साठ हजार. निम्मा प्रश्न तिथेच सुटला. त्यानंतर जीपचालक काकांचे नाव आले आणि माझा हात थांबला.

काका वीस वर्षे आमची जीप चालवत होते. उसतोड कामगारांच्या अड्ड्यावर सकाळी जायचे नाही, संध्याकाळी चुली पेटल्यावर जायचे, हे आमच्या अन्वेषकांना त्यांनी शिकवले. जीप ते नेहमी वस्तीपासून लांब, रस्त्याच्या वळणावर उभी करीत, कारण दारात गाडी उभी राहिली की माणसे सरकारी साहेब आले असे समजून उत्तरे बदलतात. एकदा करमाळा तालुक्यात एका घरातील कर्जाचा आकडा पर्यवेक्षकाने लिहून घेतल्यावर काकांनी परतीच्या वाटेवर सांगितले की चहाच्या टपरीवर त्या घराच्या गहाण पडलेल्या बैलांबद्दल बोलणे चालले होते. दुसऱ्या दिवशी पुन्हा जाऊन विचारल्यावर आकडा दुप्पट निघाला. आमच्या आकड्यांच्या खरेपणात या माणसाचा वाटा किती, हे मला ठाऊक होते. नियमाच्या भाषेत मात्र ते वाहनखर्चातच बसत होते. लेखापाल म्हणाले, “मॅडम, त्यांना अन्वेषक दाखवाल तर तपासणीत पहिला प्रश्न तोच येईल, आणि त्याला तुमच्याकडे कागद नसेल.” ते बरोबर होते. मी काकांचे नाव उजवीकडे लिहिले. ग्रंथपाल बाईंचे अर्धे वेतन, जीपचा खर्च आणि भाड्याचा काही भागही उजवीकडेच गेला. मर्यादेबाहेर उरले सहा लाख साठ हजार. ते देशांतर्गत पैशातून, म्हणजे त्या व्याजातूनच उचलावे लागणार होते.

दुपारी बीड जिल्ह्यातील आमच्या सहयोगी संस्थेच्या प्रमुख ताईंना मी फोन केला. मार्चच्या अखेरीस टाळेबंदी लागली तेव्हा ऊसतोडीच्या हजारो टोळ्या कोल्हापूर, सांगली, सोलापूर भागांत कारखान्यांच्या आवारात अडकल्या होत्या, आणि एप्रिलच्या उत्तरार्धात शासनाने परवानगी दिल्यावर त्या गावी परतल्या. या कुटुंबांचे उत्पन्न आणि कर्ज यांची पाहणी आम्ही हाती घेतली होती. पहिली फेरी जूनमध्ये झाली. दुसरी दसऱ्याआधी होणे भाग होते, कारण दसरा झाला की टोळ्या पुन्हा गाव सोडू लागतात आणि घरांना कुलपे लागतात. दसरा २५ ऑक्टोबरला होता. प्रश्नावलीतील मुख्य प्रश्न एकच: या हंगामासाठी कोयत्यामागे उचल किती घेतली, कोणत्या मुकादमाकडून, आणि मागच्या उचलीतील किती फिटली नाही? कोयता म्हणजे तोडणीला जाणारे नवरा-बायकोचे जोडपे, उचल म्हणजे हंगामाआधी मजुरीपोटी घेतलेली आगाऊ रक्कम, आणि मुकादम म्हणजे ती देऊन टोळी जमवणारा कंत्राटदार. मजुरीचा हिशेब जोडप्याचा होतो, बाईचा वेगळा नाही. जूनच्या एका प्रश्नावलीच्या समासात अन्वेषकाने पेन्सिलीने लिहिले होते, “आकडा मुकादमाच्या वहीतला. बाईंनी सांगितलेला वेगळा, तो खाली लिहिला आहे.” अशी एक ओळ मिळावी म्हणूनच स्थानिक माणसे लागतात.

या फेरीसाठी ताईंच्या संस्थेला चार लाख वीस हजारांचा दुसरा हप्ता १० ऑक्टोबरला द्यायचा होता, परकीय निधीतून. तो आता देता येणार नाही, हे मी त्यांना सांगितले. थोडा वेळ त्या काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, “पोरांना मी शब्द दिलाय, मॅडम. गाड्यांत पेट्रोल त्यांनी खिशातून टाकलंय. कायद्याचं मला कळतं, पण त्यांना मी काय सांगू?” माझ्याकडे उत्तर नव्हते. संध्याकाळपर्यंत थांबा, एवढेच मी म्हटले.

विश्वस्तांची बैठक पाच वाजता संगणकाच्या पडद्यावर भरली. पहिली सूचना अशी आली की सहयोगी संस्थेकडून सेवाशुल्काचे बिल मागवावे आणि रक्कम व्यावसायिक सेवा म्हणून द्यावी. मी स्पष्ट विरोध केला. जे घडले ते वहीत लिहायचे, हे माझ्या कामाचे मूळ आहे. वर्ग केलेल्या पैशाला सेवेचे नाव देऊन ती नोंद खरी होत नाही, आणि लोकांच्या कर्जाचे खरे आकडे मागणाऱ्या संस्थेने स्वतःच्या खतावणीत असे करणे मला असह्य होते. दुसरी सूचना कायद्यात बसणारी होती: बारा अन्वेषकांना आपणच मानधनावर नेमावे. पण बारा जणांचे करार, बँक खात्यांची पडताळणी आणि देणगीदाराची सुधारित अंदाजपत्रकाला मंजुरी यांत दसरा उलटून गेला असता, आणि ताईंच्या कार्यालयात होणारी प्रश्नावल्यांची छाननी तर त्यात धरलीच नव्हती.

मग मी सकाळपासून मनात घोळवलेला हिशेब मांडला. व्याज ११ लाख ४० हजार. उजव्या रकान्यातील सहा लाख साठ हजार त्यातून जातील. ताईंच्या संस्थेला चार लाख वीस हजार देशांतर्गत खात्यातून देणगी म्हणून देता येतील, आणि दुसऱ्या नोंदणीकृत न्यासाला दिलेली अशी देणगी, ती त्याच्या स्थायी निधीसाठी नसल्यामुळे, प्राप्तिकर कायद्याप्रमाणे उत्पन्नाचा विनियोग म्हणून धरली जाईल. शिल्लक साठ हजार. त्यात नियतकालिके बसत नाहीत, डागडुजी बसत नाही आणि अर्थसंकल्पाची पुस्तिका छापता येत नाही.

एका ज्येष्ठ विश्वस्तांनी विरोध केला. ते अर्थशास्त्राचे निवृत्त प्राध्यापक, आणि त्यांचे म्हणणे असे की नियतकालिकांची मालिका एकदा तुटली की ती कायमची तुटते. ग्रंथालय हे आपल्या पुढच्या पिढीचे साधन आहे, आणि आजच्या पाहणीसाठी ते मोडण्याचा आपल्याला अधिकार आहे का, याचा विचार व्हावा. त्यांचा मुद्दा मला तेव्हाही पटला होता आणि आजही पटतो. पण नियतकालिकाचा अंक निदान दुसऱ्या एखाद्या ग्रंथालयात असतो. २०२०च्या दसऱ्याआधी त्या घरावर किती उचल होती, हे नोंदवून ठेवणारे दुसरे कोणी मला माहीत नव्हते. एवढेच मी बोलले. ठराव चार विरुद्ध एक मतांनी संमत झाला. विरोधी मत आणि त्याचे कारण इतिवृत्तात पूर्ण शब्दांत लिहावे, असा मी आग्रह धरला आणि तो मान्य झाला.

रक्कम ७ तारखेला गेली. दुसरी फेरी २२ ऑक्टोबरला संपली. त्याच दिवसांत तोडणीच्या दरवाढीची बोलणी चालू होती आणि महिन्याच्या अखेरीस दरात १४ टक्के वाढ ठरली. आमची माहिती तेव्हा छाननीतच होती, त्यामुळे त्या निर्णयाशी तिचा संबंध नाही. पण वाढलेल्या दराने उचलीचा बोजा कितपत उतरतो, हे पुढे तपासायला आरंभीचा आकडा आमच्या हाती राहिला.

एप्रिल २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निधी वर्ग करण्यावरची बंदी आणि दिल्लीतील खात्याची अट या दुरुस्त्या वैध ठरवल्या. ताईंच्या संस्थेने तोवर आपली माणसे निम्म्यावर आणली होती. आमच्यासारखे त्यांचे आणखी दोन भागीदारही थांबले होते. आमच्या ग्रंथालयात २०२१ या वर्षाची फळी रिकामी आहे, आणि ग्रंथपाल बाईंनी तिच्यावर दुसरे काही ठेवू दिलेले नाही. काकांचा पगार तेव्हापासून स्थायी निधीच्या व्याजातून निघतो.

२०२०च्या डिसेंबरमध्ये बीडहून दुसऱ्या फेरीच्या हिशेबाचे पाकीट आले. बारा जणांच्या पावत्या, पेट्रोलची बिले तारखेच्या क्रमाने टाचलेली, एका व्हाउचरवर सहीऐवजी अंगठा आणि शेजारी साक्षीदाराचे नाव. सर्वांत खाली तीन हजार चारशे पंधरा रुपयांचा धनादेश होता आणि ताईंच्या अक्षरातली चिठ्ठी: “खर्च भागून एवढे उरले. पोरांचे पेट्रोल आधी फेडले.” मी पावती फाडली आणि रक्कम सर्वसाधारण निधीत जमा केली.