चारऐवजी दोनच टायर

सर्व्हिसिंगच्या वेळी मेकॅनिक म्हणाला, "चारही टायर गेलेत, एकदमच बदलून टाका." माझ्याकडे जेमतेम दोन टायरपुरती पैशांची सोय होती. म्हणून आधी स्वतःच खाली वाकून नीट बघायचं ठरवलं.

टायरच्या मोठ्या खाचांच्या तळाशी रबराचे छोटे आडवे उंचवटे असतात, १.६ मिलिमीटर उंचीचे. नक्षी झिजून त्यांच्या पातळीला आली की टायर संपला. ते पटकन सापडावेत म्हणून टायरच्या कडेला बारीक त्रिकोण किंवा 'टीडब्ल्यूआय' अशी खूण असते. मागच्या दोन्ही टायरना अजून बऱ्यापैकी नक्षी होती आणि झीजही सगळीकडे सारखी. पुढचे दोन्ही मात्र बाहेरून ठीक आणि आतल्या कडेला पार गुळगुळीत. उभ्याने बघितलं तर कळणारच नाही. स्टिअरिंग पूर्ण वळवून आत हात फिरवला तेव्हा समजलं.

माझ्या मते पैसे वाचले ते इथे. दोन्ही कडा झिजल्या असतील तर हवा कमी राहिलेली असते, मधला भाग झिजला असेल तर जास्त. एकच कड खाल्ली असेल तर गडबड बहुतेक चाकांच्या कोनात असते. गाडी जॅकवर उचलून चाक डावी-उजवीकडे हलवलं तर हाताला चक्क ढिलेपणा जाणवला. टाय रॉड एंड, म्हणजे स्टिअरिंगचा दांडा चाकाला जोडणारा सांधा, गेलेला. आधीच तुटपुंज्या पैशातला एक तुकडा त्यात गेला आणि जीवावरही आलं, पण तसेच नवे टायर चढवले असते तर त्यांचीही आतली कड तशीच खाल्ली गेली असती.

मग खरेदी. माझ्या टायरवर १७५/६५ आर१४ ८२टी असं लिहिलंय. १७५ मिलिमीटर रुंदी, तिच्या ६५ टक्के कडेची, म्हणजे बाजूच्या भिंतीची, उंची, १४ इंची रिम. शेवटचं '८२' म्हणजे एका टायरची ४७५ किलो पेलायची क्षमता आणि 'टी' म्हणजे ताशी १९० किलोमीटरची वेगमर्यादा. नाव कमी ऐकलेलं चालेल, पण या आकड्यांच्या खाली जायचं नाही, एवढं मनाशी पक्कं केलं.

वापरलेल्या टायरचा मोह झाला, खोटं का बोला. एका दुकानात दोन टायर छान काळेकुळकुळीत चकचकीत करून ठेवले होते. टायर बनल्याची तारीख कडेवर चार आकड्यांत असते: पहिले दोन आठवडा, पुढचे दोन वर्ष. ३५१४ म्हणजे २०१४ चा ३५ वा आठवडा. बऱ्याच टायरवर हे आकडे एकाच बाजूला असतात, आणि ती बाजू नेमकी भिंतीकडे होती. टायर फिरवून बघितला, तर खाचांच्या तळाशी बारीक भेगा, आणि आतून खांद्याजवळ, म्हणजे नक्षी संपून बाजू सुरू होते तिथे, पॅच. खांद्याला आणि कडेला पंक्चर काढून भागत नाही, तिथे रबर सतत वाकत असतं. नमस्कार करून निघालो.

शेवटी साध्या कंपनीचे दोन नवे घेतले. किंमत विचारताना फिटिंग, व्हॉल्व्ह, बॅलन्सिंग, अलाइनमेंट (चाकांचे कोन जुळवणं) धरून शेवटचा आकडा विचारत गेलो, तेव्हा सगळ्यात 'स्वस्त' दुकान तितकंसं स्वस्त राहिलं नाही.

फिटिंगच्या वेळी थोडी हुज्जत झाली. "साहेब, इंजिन पुढची चाकं ओढतं, नवे पुढेच टाकतो," कारागीर म्हणाला. मी म्हटलं, मागे टाका. ओल्या रस्त्यावर पुढची पकड सुटली तर गाडी वळायच्या ऐवजी सरळ जायला बघते. स्टिअरिंग हलकं पडतं, आपण पाय काढतो, सावरायला वाव असतो. मागची सुटली तर मागचा भाग फिरून पुढे येऊ बघतो, आणि ते सावरणं कसलेल्या ड्रायव्हरलाही जड जातं. चांगली नक्षी मागे हवी ती यासाठी. पटलं नाही त्याला, पण टाकले.

मागचे जुने टायर पुढे घेतले, चारही चाकं बॅलन्स केली, मग अलाइनमेंट. हवा दाराच्या चौकटीवरच्या स्टिकरप्रमाणे भरली. टायरच्या कडेवर छापलेला दाब हा कमाल मर्यादेचा असतो, रोज भरायचा नव्हे. शंभरेक किलोमीटर चालवल्यावर नट पुन्हा आवळून घेतले.

स्टेपनीची नक्षी कोरी करकरीत आहे, पण तिची तारीख गाडीइतकीच जुनी, म्हणून ती घरी परतण्यापुरतीच. आणि पुढे गेलेली जुनी जोडी संपली की आत्ताचे मागचे पुढे येतील, नवे दोन पुन्हा मागे. दर वेळी दोन टायरचीच तजवीज करायची.